सावळापूरचं रीठ

निंबखेड गाव बांधलं तो वैशाखातला मंगळवार होता.

गाव बांधायला दोर लागत नाही. भगत पहाटेच शिवेवरून फिरून येतो, चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकतो, लिंबं कापतो, आणि मग दिवस मावळेपर्यंत गावात कोणी यायचं नाही, गावातून कोणी जायचं नाही. चूल पेटवायची नाही, जातं फिरवायचं नाही, विहिरीत पोहरा सोडायचा नाही. कोणी कोणाला नावानं हाक मारायची नाही. मरी, म्हणजे ढाळ-उलट्यांची साथ, गावात शिरली की वाडवडलांपासून असंच करत आले होते. शंभर उंबऱ्यांचं गाव, पण त्या दिवशी उन्हात असं पडून होतं की बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथली माणसं कधीचीच उठून गेली.

शीव ओलांडायची मोकळीक फक्त दोघांना होती. एक नत्थुजी. साठी ओलांडलेला, वाळून काटकी झालेला म्हातारा. मरीचा गाडा शिवेपार न्यायचा मान त्याच्या घराण्याचा. आणि दुसरा सहदेव. गाड्याला दुसरा हात लावायचा तर तो अशा घरचा लागतो, जिथं मरीनं कोणाला नेलेलं नाही. गावात महिन्याभरात सात माणसं गेली होती. सहदेवच्या घरात कोणाचं डोकंही दुखलं नव्हतं.

सहदेव तिशीतला, अंगानं आडवा, बोलायला कमी. बायको शकुन, दोन मुली, नदीकडे सोळा एकर काळी जमीन. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि त्यामुळं वऱ्हाडातल्या काळ्या मातीला कधी नव्हे ते दिवस आले होते. लोकांनी ज्वारी कमी करून पऱ्हाटी लावली. गायरानं नांगरली, बाभुळबनं तोडली. फाल्गुनात सहदेव कापूस घेऊन अमरावतीला गेला तेव्हा वेशीबाहेर कोसभर गाड्याच गाड्या उभ्या होत्या, आणि त्याच गर्दीत त्यानं पहिल्यांदा ऐकलं की अकोल्याच्या वाटेवर गाडीवान पटापट मरून राहिलेत. चैत्रात मरी निंबखेडला पोचली. ती गाड्यांच्याच वाटेनं आली होती.

गाडा म्हणजे गुडघ्याएवढा. पळसाच्या लाकडाचा, चाकाला लोखंड नाही, खिळा नाही. त्यात शेंदूर माखलेली लाकडाची मरीआई, तिला हिरवं चोळखण, हिरव्या बांगड्या, पुढ्यात दहीभात. आणि तिच्या मागं मेलेल्या प्रत्येकाचा एक कपडा. सात कपडे. सर्वांत वर पाटलाच्या सुनेची चोळी होती, नवी, एकदाही धुण्यात न गेलेली.

निघायच्या आधी, बोलायची मुभा होती तेव्हाच, नत्थुजीनं त्याला देवळामागं नेलं.

"तीन गोष्टी ध्यानात ठेवजो," तो म्हणाला. "शिवेपार गेलो का बोलजो नको. गाडा ठेवला का त्याले पुन्हा हात लावजो नको. आन् काईही झालं, कोणाचाही आवाज आला, तरी मागं पाह्यजो नको. ती आपल्या मागं येते. आवाज काढते. बाईचा काढते, लेकराचा काढते. मागं पाह्यलं का ती वयखते आपल्याले, आन् आपल्याच संगं परत गावात येते."

"तुमी ऐकला का कधी आवाज?"

नत्थुजीनं खांद्यावरचा दोर नुसता नीट केला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते निघाले. दोघं दोन बाजूंनी, दोर खांद्यावर, गाडा मागं. गाड्याला वजन असं नव्हतंच. गावातून जाताना प्रत्येक दार बंद होतं, पण दाराच्या फटीतून माणसं पाहत होती हे सहदेवला कळत होतं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. शीव ओलांडली, पांदण लागली, आणि पांदणीच्या मधोमध त्याला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. जोडव्यांचा. पायात जोडवी घातलेली बाई अनवाणी चालत असावी, तसा. टक, आणि थांबून पुन्हा टक. गाड्याच्या मागून.

त्यानं नत्थुजीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटले होते. तेव्हा सहदेवला समजलं की आवाज एकट्याला येत नाही.

गाडा न्यायचा होता सावळापूरच्या रिठात. रीठ म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. एके काळी तिथं गाव होतं, मग पेंढाऱ्यांत म्हणा, दुष्काळात म्हणा, ते उजाड झालं, आणि मागं राहिला एक पडका मारुती, एक विहीर आणि पांढऱ्या मातीचा उंचवटा. त्याभोवती कोसभर बाभुळबन माजलं होतं. निंबखेडची मरी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जाऊन बसायची. माणसाचा वास नाही अशा जागी.

सहदेव लहानपणानंतर तिकडे गेला नव्हता. पांदण संपली आणि त्याचे पाय अडखळले, कारण बन नव्हतंच. जिकडं पाहावं तिकडं उपटलेल्या पऱ्हाटीचं उघडं रान. त्यांनी खाली मान घालून गाडा ओढला, मारुतीच्या पाराशी उभा केला, दोर टाकले आणि वळून चालू लागले. मारुतीच्या पलीकडे काय आहे हे पाहण्याइतकी मान त्यानं वर केली नाही. चारच पावलं गेले असतील.

"अहो भाऊ," मागून आवाज आला. बाईचा. "उन्हाचं पाणी पिऊन जा न्."

नत्थुजीनं त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मागं काही तरी घरंगळल्याचा आवाज झाला, तांब्या पडावा तसा. मग तीच बाई पुन्हा बोलली, पण आता आवाज बदलला होता.

"हा गाडा अठी काहून ठेवला? अहो! अठी आमी राह्यतो. माणसं हायेत अठी. लेकरं हायेत."

ते चालत राहिले.

"मागं त पाहा एकडाव!"

पांदणीच्या तोंडाशी येईपर्यंत ती ओरडत होती. मग ओरडणं थांबलं. शिवेच्या आत पाय पडल्यावर सहदेव खाली बसला आणि त्याला उलटी झाली. ती भीतीची होती, मरीची नव्हती, पण नत्थुजी किती तरी वेळ त्याच्याकडे लांबून पाहत उभा राहिला.

"काका, तठी कोणी तरी राह्यते," सहदेव म्हणाला.

"रिठात कोणी राह्यत नाई."

"पाणी पिऊन जा म्हणे."

"ती असंच बोलते," नत्थुजी म्हणाला. "म्हणून त नेम हाये."

त्यानंतर निंबखेडात अकरा दिवस कोणी आजारी पडलं नाही. लोक सहदेवला रस्त्यात थांबवून हात जोडायचे. एका म्हातारीनं त्याच्या पायावर पाणी घातलं. पाटील खुशालराव, ज्याची सून नुकतीच गेली होती आणि घरात तिचं दीड वर्षाचं पोर होतं, त्यानं त्याला ओसरीवर बोलावून स्वतःच्या हातानं पान दिलं. सहदेवला मात्र घास उतरेना. भर दुपारी शेतातल्या आंब्याखाली बसला असता तोच आवाज यायचा. मागं त पाहा. आणि आता मागं पाहायला कसलीच आडकाठी नव्हती, तरी त्याची मान वळत नसे.

शेवटी त्यानं शकुनला सांगितलं. सांगणं नेमाच्या बाहेर होतं. गाड्याच्या वाटेवर जे ऐकलं ते कोणापाशी बोलायचं नसतं. शकुन जात्यावर होती. तिनं खुंटा सोडला.

"बाजारात एक माळीण येते," ती म्हणाली. "सनवारी. वांगे, मिरच्या घेऊन. पार्बताबाई नाव हाये तिचं. कोठून येता म्हटलं, त म्हणे सावळापूरहून. मी म्हटलं सावळापूर कोणतं? त हासली. म्हणे, आमीच वसवून राह्यलो. दहा-बारा घरं आले हायेत म्हणे जमीन वाहाले."

सहदेव जात्याजवळ खाली बसला.

"मंग ह्या सनवारी आली होती?"

शकुननं बोटांवर वार मोजले. "नाई," ती म्हणाली. "त्याच्या आधीच्या सनवारीबी नाई."

बाराव्या दिवशी दुपारी गुराखी धावत गावात आले. गाडा परत आला होता. निंबखेडच्या शिवेवर, पांदणीच्या तोंडाशी, तोंड गावाकडे करून उभा. सारं गाव जमलं, पण दहा पावलांच्या आत कोणी जाईना. तोच गाडा, तीच आई, चोळखण उन्हानं विटलेलं. तिच्या मागचा ढीग मात्र वाढला होता. सहदेवनं मोजलं. चौदा. वरचे सगळे कपडे अनोळखी होते, आणि त्यात तीन झबली होती.

पाटलाच्या सुनेची नवी चोळी त्यात नव्हती.

संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवर माणसं बसली. दुपारपासूनच पाटलाच्या नातवाला ढाळ लागले होते. आतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. उद्या पुन्हा गाव बांधायचं, गाडा पुन्हा न्यायचा, यावर कोणाचं दुमत नव्हतं. सहदेव उभा राहिला. पंचांसमोर उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती.

"पाटील, तठी माणसं राह्यतात. रिठात."

खुशालरावानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहताच सहदेवला कळलं की त्याला हे ठाऊक होतं.

"तठी बन तोडाची परवानगी मीच देल्ली," खुशालराव हळू म्हणाला. "पण सरकारच्या कागदावर तठी गाव नाई. सावळापूर रीठ, असं लिवलेलं हाये. रीठ म्हणजे रीठ." मग आतल्या कण्हण्याकडे कान देऊन तो म्हणाला, "माह्या घरात हे एकच राह्यलं आता. तू नाई नेला त मी सोता नेतो."

सहदेवनं घरी जाऊन शकुनला सांगितलं की उद्या तोच जाणार आहे, ती हाक पुन्हा येते का ते ऐकायला.

दुसऱ्या दिवशी गाडा जड झाला होता.

गुडघ्याएवढा गाडा, ओढायला दोन माणसं, पण दोर खांद्यात रुतत होते. पांदणीत चाकं धुळीत बसत. नत्थुजी दर वीस पावलांवर थांबून धापा टाकी. आणि मागून जोडव्यांचा आवाज येत होता. गाडा थांबला की थांबायचा, गाडा हलला की यायचा. एवढ्या जवळून, की सहदेवला वाटे हात मागं केला तर लुगड्याचा पदर लागेल.

मारुतीचा पार आला. त्यांनी दोर टाकले आणि वळले. सहदेव वाट पाहत होता. अंगाचा कान करून तो हाकेची वाट पाहत होता. पाणी पिऊन जा. मागं त पाहा. काही तरी.

कोणी हाक मारली नाही.

उन्हात एक होलासुद्धा घुमत नव्हता. चार पावलं झाली, दहा झाली, वीस झाली. त्या शांततेची त्याला जेवढी भीती वाटली तेवढी त्या हाकेचीही वाटली नव्हती. हाक मारणारी जर ती असती, मरी असती, तर ती आजही बोलली असती. तिला काय होणार आहे? न बोलण्याची पाळी फक्त माणसावर येते.

सहदेवनं मागं वळून पाहिलं.

नत्थुजीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि तो तिथंच, रस्त्याच्या मधोमध, उकिडवा बसला.

गाड्याच्या मागं कोणी नव्हतं. फक्त धुळीत चाकांच्या दोन रेघा होत्या, पार पांदणीपर्यंत गेलेल्या. रेघांच्या बाहेर दोन्हीकडे त्यांच्या दोघांच्या वहाणांचे ठसे होते. आणि दोन रेघांच्या मध्ये, जिथं कोणीच चाललं नव्हतं, तिथं अनवाणी पावलं उमटली होती. लहान, अरुंद, बाईची. ती गाड्यामागून पारापर्यंत आली होती आणि तिथं संपली होती.

सहदेवनं ती पाहिली. आयुष्यभर त्यानं कधी नाकारलं नाही की ती पाहिली. पण त्याच वेळी त्याची नजर पाराच्या पलीकडे गेली, आणि तिथं झोपड्या होत्या. बारा. कुडाच्या, नव्या गवताच्या. मिरचीचे वाफे पाण्यावाचून कोमेजले होते. एका दारात पाळणा टांगलेला होता, आणि तो अगदी स्थिर होता.

तो तिकडे चालू लागला.

"सहदेव!" नत्थुजी ओरडला. गाड्याच्या वाटेवर नाव घेऊ नये. म्हाताऱ्यानं ते घेतलं. "मेलास तू. परत ये, मेलास!"

विहिरीच्या कडेला एक बाई आडवी पडली होती. चाळिशीची असावी, डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे. हातात पोहऱ्याचा दोर होता, पण पोहरा वर ओढण्याइतकी ताकद तिच्यात राहिली नव्हती. सहदेवची सावली तिच्या तोंडावर पडली तेव्हा तिनं डोळे उघडले. ती घाबरली. सरकायला लागली.

"तू माणूस हायेस का?" तिनं विचारलं.

"हाव," सहदेव म्हणाला. "निंबखेडचा हाओ."

"त्या दिवशी दोघं आले होते. मी पाणी घेऊन आली. हाका मारल्या. कोणी मागंच पाह्यलं नाई." ती थांबून थांबून बोलत होती. "मंग मले वाटलं, हे जित्ते नाईत. जित्त्या माणसाले हाक ऐकू येते न्."

सहदेवनं पोहरा ओढला. ओंजळीनं तिला पाणी पाजलं. ती पार्बताबाई. तिनंच सांगितलं काय झालं ते. गाड्यावरची चोळी नवी होती, पोरींनी ती काढून घेतली. मोठ्यांना कळेपर्यंत तिसऱ्या घरात गेली होती. चौथ्या दिवशी पहिलं लेकरू आजारी पडलं. आठ माणसं गेली. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, गोवर्धननं, नेमाप्रमाणं गेलेल्यांचे कपडे गाड्यावर घातले आणि एकट्यानं तो निंबखेडच्या शिवेपर्यंत ओढत नेला.

"कोठी हायेत ते?" सहदेवनं विचारलं.

"घरी आले आन् सांजच्याले गेले," ती म्हणाली. "त्याइनंबी मागं पाह्यलं नाई. मले म्हणे, मागून कोणी रडून राह्यलं होतं, पण मी काई पाह्यलं नाई."

त्या दुपारी सहदेवनं काय काय मोडलं याची यादी पुढं पंचांनी केलीच. तो शिवेपार बोलला. मरीच्या घरचं पाणी प्याला. गाव बांधलेलं असताना त्यानं चूल पेटवली आणि मोठ्या हांड्यात पाणी उकळत ठेवलं, कारण पार्बताबाई थंडीनं थरथरत होती आणि तिला ऊन काही तरी प्यायला हवं होतं. गाड्यावरचे सगळे कपडे त्यानं काठीनं उचलून पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांवर टाकले आणि जाळले. शेवटी गाडाही त्यावर लोटला. आई मात्र त्यानं उचलून घेतली.

"आता कोठीच जाऊ नको, माय," तो तिला म्हणाला. "लय फिरवलं तुले लोकाइनं. अठीच बस." आणि त्यानं तिला पडक्या मारुतीच्या कोनाड्यात, सावलीत ठेवलं.

आग विझत आली तेव्हा नत्थुजी पारापाशी आला. इतका वेळ तो रस्त्यातच बसून होता. सहदेवला वाटलं म्हातारा शिव्या देईल. पण तो झोपड्यांकडे पाहत होता. एक-एक करून सगळ्या झोपड्यांकडे, जणू मोजत होता.

"माह्या बापासंगं मी पहिल्यांदा आलो," तो म्हणाला, "तवा मी तुह्यापेक्षाबी लहान होतो. तवाबी मागून आवाज आला होता. लेकरू रडत होतं. लय रडत होतं." त्यानं पाराच्या पलीकडे बोट दाखवलं. "बाप म्हणे, तीच हाये. पावसाळ्यानंतर गुरं घेऊन आलो, त अठी चार-दोन कुडं पडलेले होते. नवे. मी बापाले इचारलं, हे कोणाचे? त बाप म्हणे, रीठ हाये, अठी कोणाचं काय राह्यन?"

म्हाताऱ्यानं डोक्याचं पागोटं काढलं, उन्हात तसाच उघड्या डोक्यानं उभा राहिला.

"हे रीठ दरडाव आपणच करून राह्यलो का रे?" त्यानं विचारलं.

मग त्यानं दुसरा पोहरा शोधला आणि पलीकडच्या झोपडीत पाणी घेऊन गेला. तिथं एक बाई आणि तिचा दीर होते, जिवंत.

सहदेव आणि नत्थुजी नऊ दिवस सावळापुरात राहिले. गावात परत जायचा प्रश्नच नव्हता. शिवेवर काठ्या घेऊन माणसं बसवली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शकुन आली. काठीवाल्यांमध्ये तिचा सख्खा भाऊ होता. तिनं डोक्यावर तांदळाची पाटी, कमरेवर ताकाचं मडकं, असं त्याच्यासमोरून शीव ओलांडली आणि त्याला म्हणाली, "मार काठी, मारतोस त." त्यानं मारली नाही. ती रोज येऊ लागली. पाचव्या दिवशी तिच्यामागं आणखी दोन बाया होत्या.

सावळापुरात आणखी तिघं गेली. एकोणीस जगली. पार्बताबाई जगली.

निंबखेडात काय झालं, तर पाटलाचा नातू वाचला. त्याच आठवड्यात नत्थुजीची थोरली बहीण गेली, आणि नदीकडच्या घरातली एक तरणी बाई गेली. ज्यांना सहदेवला दोष द्यायचा होता त्यांच्याजवळ दोन प्रेतं होती, आणि ज्यांना द्यायचा नव्हता त्यांच्याजवळ एक हसतं-खेळतं पोर. पंच बसले. सहदेवला आणि नत्थुजीला वर्षभर जातीबाहेर ठेवलं. विहीर बंद, देऊळ बंद, लग्नाकार्याचं बोलावणं बंद. नत्थुजीच्या घराण्याचा गाड्याचा मान काढून घेतला.

"काढा," नत्थुजी पंचांना म्हणाला. "आधीच काढाले पाह्यजे होता."

ते वर्ष सहदेवला जड गेलं. थोरलीची सोयरीक मोडली. कापूस वेचायला बाया मिळेनात, तेव्हा सावळापूरहून माळणी आल्या, पार्बताबाई त्यांच्यापुढं. तिच्याजवळ तो एकदा म्हणाला की चूक केली का बरोबर केलं, हे त्याला अजून कळत नाही. दोन माणसं गावात मेली हे खरंच आहे. तिनं बोंड मोकळं करता करता त्याच्याकडे पाहिलं. "मी हाओ न् अठी," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मरी पुन्हा आली, पण यावेळी मावळतीकडच्या गावांतून. निंबखेडात एकही माणूस आजारी नव्हता. ज्येष्ठातल्या एका दुपारी गावाच्या मावळतीच्या शिवेवर एक गाडा उभा दिसला. पलीकडच्या गावानं रातोरात आणून ठेवला होता. नवा, पिवळ्या लाकडाचा, आईच्या मागं वीसेक कपडे.

नेम सोपा होता. दिवस मावळायच्या आत तो उगवतीच्या शिवेपार गेला पाहिजे. आणि उगवतीला सावळापूर होतं.

सारं गाव शिवेवर जमलं. सहदेवचं वर्ष अजून भरलं नव्हतं, तो लांब लिंबाखाली उभा होता. भगतानं खिळे आणले होते. नवीन मान ज्या घराला दिला होता त्या घरचा पोरगा दोर घेऊन पुढं झाला, आणि मग थांबला. उन्हात गाड्याचं लाकूड तडतडत होतं. सहदेवला त्या शांततेत पुन्हा तोच आवाज ऐकू आला. टक, आणि थांबून टक. गाड्याच्या मागून, मावळतीकडून. गर्दीतल्या दोघाचौघांनी माना वर केल्या, म्हणजे त्यांनाही आला असावा.

खुशालराव पाटील गर्दीतून बाहेर आला. कडेवर नातू होता. त्यानं पोराला खाली उतरवलं, कोणाच्या तरी हातात दिलं, आणि गाड्यापर्यंत चालत गेला.

"तिकडं नेजो नका," तो म्हणाला. "तिकडं गाव हाये."

भगत म्हणाला, "पाटील, कागदावर त—"

"कागद मी पाह्यतो," खुशालराव म्हणाला. मग तो सरळ पलीकडे, मावळतीच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला. कोणाशी ते कोणालाच कळलं नाही. त्या रस्त्यावर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. "या, बाई. आल्या त या. आमी पुढं नाई पाठवत तुमाले."

काठीनं कपडे काढून जाळायला सहदेवला बोलावलं, कारण ते कसं करायचं हे त्याला आणि नत्थुजीलाच माहीत होतं. संध्याकाळी चार माणसं तांदूळ, मीठ आणि ताक घेऊन मावळतीच्या गावाला गेली. त्या गावानं त्यांच्यावर दगड टाकले. त्यांनी सामान शिवेवर ठेवलं आणि ओरडून सांगितलं की कशासाठी आहे. सकाळी सामान तिथं नव्हतं.

गाडा निंबखेडच्या मावळतीच्या शिवेवर तसाच राहिला. त्या उन्हाळ्यात गावात चार माणसं मरीनं गेली. पोरीबाळी त्या वाटेनं जाताना पावलं उचलत, आणि दुपारच्या वेळी तिथून एकटं जायला मोठी माणसंही का-कू करत. पावसाळा लागल्यावर लाकडाला वाळवी लागली. दिवाळीपर्यंत चाकं गेली, मग बाकीचं. आईला शकुननं गावात आणून लिंबाखाली ठेवलं. जिथं गाडा होता त्या चार हात जागेत कोणी काही पेरलं नाही, बरीच वर्षं. मग खुशालरावाच्या नातवानं, तो मोठा झाल्यावर, त्यात तूर लावली.